तेओचं नाव असलेलं कर्नेल

नाही नाही, उठू नका, सुनिल्दाबाई, झालंच आता. सव्वाचार तर वाजलेत, लाँच पाचला सुटते, आणि तो लाँचवाला पाचला कधी सुटलाय? — बरं, पाणी चढतंय म्हणून आज सुटेल, तुमचं खरं. तरी पाऊण तास आहे. हा माते घ्या, आमचा पाल्याचा कडू चहा. नळी ढवळू नका हो, बेटावर काय करतात मला माहीत नाही, इथं ढवळत नाहीत. आणि ती पिशवी खाली ठेवा की! सकाळपासून मांडीवर धरून बसलात, कोणी पळवतंय का?

एवढा वेळ काय करतोय म्हणता? सांगतो. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा, या यंत्राचा कारभारी — स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क, कोणाशी कसं बोलायचं ते त्याला ठाऊक. तयार मिळतो तो अख्ख्या जगाशी बोलतो, म्हणून अंगानं सुटलेला असतो. मग मी काय करतो? यंत्राला विचारतो, बाबा, आत्ता तुला काय काय जोडलंय? जोडलेलं तेवढं ठेवतो, बाकीचं छाटतो. तीन तास ते शिजतं — आज मध्येच वीज गेली, परत पहिल्यापासून, तो काही माझा दोष नाही — मग त्याचं पॅकेज बांधायचं, की एका ओळीत बसवता येतं आणि नको झालं तर एका ओळीत काढता येतं. एकोणीस वर्षं हेच करतोय. म्हणजे — करत होतो, दोघं, मी आणि माझा भागीदार तेओ. तेओ छाटायचा नाही. राहू दे, लागेल कधीतरी, म्हणायचा. भित्रा माणूस.

हो, कबूल! तुम्ही बेटावरच्या रेडिओ केंद्राचं यंत्र आणलंत ते फक्त त्याला वीज देणारा सप्लाय जळला म्हणून, आणि तो नऊलाच बदलून झाला. नऊलाच परत गेला असतात. पण मी यंत्र सुरू केलं आणि पहिल्याच ओळीत काय — तेओ-सतरा! आमच्यात रिवाज आहे, आपण बांधलेल्या कर्नेलला आपलं नाव जोडायचं, आणि त्या यंत्रासाठी कितव्यांदा बांधलं तो आकडा. ते नाव माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर, माझ्याकडे बघतंय! आठ महिने तो माझ्याशी बोलत नाही — बरं, मीही बोलत नाही — राहतो या भिंतीपलीकडे, रोज सातला तुमचा रेडिओ लावतो, मला इथं शब्दन् शब्द ऐकू येतो. भांडण कशावरून? सोडा. असंच, एका छाटणीवरून. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "आनिबालला समोर असेल तेवढंच दिसतं." चारचौघांत! मी म्हटलं, मग उचल तुझं सामान. उचललं त्यानं. आता तो खरंच उचलेल हे मला काय ठाऊक?

हं, आलं, आलं! वाचा — आनिबाल-एक. अकरा सेकंद, बाई! जुनं चाळीस घ्यायचं. ते जुनं काढूनही टाकलं मी, साफ. आता आवाज बघू आणि सुटा तुम्ही. ती निळी पेटी कुठाय, माइक जोडता ती? — पिशवीत? — सकाळपासून? टॉवेलात गुंडाळून? ओली होऊ नये म्हणून... बरोबर आहे तुमचं, ओली होऊ नये. द्या इकडे. दिवा लागला. बोला. बोला ना काहीतरी! नदीची पातळी सांगा. — परत बोला, आवाजच येत नाही. — केबल बघतो. केबल ठीक आहे. अहो... मी यंत्राला विचारलं तेव्हा ही जोडलेलीच नव्हती. जोडलेली नाही ते मी छाटलं. मीच.

परत करायला तीन तास. माहीत आहे मला, सातला रेडिओवर लोकांचे निरोप वाचायचेत. ओरडू नका. — ओरडत नाही आहात, तेच तर जास्त लागतंय. आज कोणाचा आहे? — एर्मिंदाला इस्पितळातून सोडलं, नवऱ्यानं पहाटे होडी घेऊन यावं. आणि गुरं रात्रीत उंचावर न्यावीत. उद्या सांगून काय उपयोग, पाणी थांबणार आहे थोडंच. — जुनं? जुनं काढलं म्हटलं ना! — नाही काढलं. खोटं बोललो. यंत्र विचारतं, खरंच काढू का? त्याचं नाव समोर, आणि बोटच पुढं जाईना. काय करू? एकोणीस वर्षं आहेत, बाई.

बघा, यंत्र सुरू होताना यादी येते, तिच्यात खाली आहे, तेओ-सतरा. लावलं. चाळीस सेकंद थांबा. तोवर... प्रत्येक पॅकेजसोबत एक चिठ्ठी जाते, कोणी काय बदललं त्याची. याची मी कधी वाचली नाही. त्यानं लिहिलेलं मी कशाला वाचू? इथं, दुसऱ्या यंत्रावर आहे प्रत. "निळी पेटी जोडलेली नसली तरी तिचा भाग काढायचा नाही. सुनिल्दा ती पिशवीत ठेवते. आनिबाल विचारायला विसरेल, त्याला बोल लावू नका."

काही नाही, डोळ्यात धूर गेला. — चूल नाहीये इथं, मलाही दिसतंय! सुरू झालं बघा. बोला आता.

हां. तुमचाच आवाज. आणखी नको, पुरे, कळलं मला.

उचला यंत्र, मी केबल गुंडाळतो. पेटी टॉवेलातच ठेवा. आनिबाल-एक मी काढीन नंतर, तुम्ही यादीत दुसरं निवडायचं, खालचं, खालचंच — लिहून देतो. पैसे फक्त सप्लायचे. आणि सातला निरोप वाचाल ना, शेवटी एक माझा घाला. "तेओसाठी : निळी पेटी बोलली." एवढंच. कोणाकडून ते सांगू नका. — नाही, सांगा. आनिबालकडून म्हणा. स्पष्ट म्हणा, आमच्या मधे भिंत आहे.

अहो, बघत काय बसलात, लाँच जाईल! निघा!