कार्यक्रमातल्या चोवीस चुका

सून: बावीस चुका झाल्या, अण्णा. माझा हात दुखायला लागला.

सासरे: तेविसावी लिही. ‘महोदय, आपल्या कार्यक्रमातलं विमान उडतं तेव्हा त्याला दोन पंखे. ढगात शिरतं आणि जेट होऊन बाहेर येतं. पडताना चार इंजिनं. त्या ढगात कारखाना आहे काय?’

सून: हे असं चॅनेलला पाठवायचं?

सासरे: सौम्यच लिहिलंय. तीस वर्षं विमानांची इंजिनं उघडून जोडली मी. आणि कॉकपिटमध्ये तो आरडाओरडा कसला? संकटातही एकजण तपासणीची यादी वाचतो, दुसरा हात लावून ‘झालं’ म्हणतो. किराणा दुकानात जास्त गोंधळ असतो.

सून: विमान पडताना माझा नवरा असा किंचाळला नसेल, एवढं मलाही कळतं.

सासरे: तर. चोविसावी. विमान चालवताना डोक्यावर टोपी. मग हेडफोन काय गुडघ्याला बांधला होता?

सून: आणि इंजिनाचं?

सासरे: कुठल्या?

सून: उजवं बंद पडलं आणि तुमच्या मुलानं घाईत चांगलं चालणारं डावं बंद केलं. सगळा कार्यक्रम त्यावरच आहे. तुमच्या चोवीस चुकांत ते कुठंच नाही.

सासरे: येईल की. मोठी चूक शेवटी लिहावी.

सून: सांगा मग. पेन हातात आहे.

सासरे: जरा पाणी दे.

सून: अण्णा, अपघाताचा अहवाल तुम्ही वाचलाय?

सासरे: कपाटात आहे.

सून: तीन वर्षं म्हणत होतात, आलाच नाही म्हणून.

सासरे: पान एकसष्ट. सात सेकंदांत त्यानं दुसऱ्या इंजिनाची लीव्हर ओढली. इतक्यांदा वाचलं ते पान, वाटायचं एखादा शब्द तरी बदलेल.

सून: म्हणजे खरं आहे.

सासरे: तेवढं एकच त्यांनी बरोबर दाखवलंय.

सून: आणि मी दोन दिवस बसून बाकीचं उतरवून घेतेय.

सासरे: वाटलं, एवढ्या चुका दाखवल्या की तीही त्यातलीच वाटेल. लोकांना. मलाही.

सून: आणि पोरीला? शाळेवर पडू नये म्हणून बाबांनी विमान नदीकडे वळवलं, हे तिला कोणी सांगितलं?

सासरे: आठ वर्षांची होती गं. काहीतरी सांगायला हवं होतं.

सून: तिनं त्यावर निबंध लिहून वर्गात वाचला. काल वर्गातल्या पोरी कार्यक्रम बघून आल्या आणि तिला विचारायला लागल्या, यात ती शाळा कुठं दिसली नाही.

सासरे: काय म्हणाली मग?

सून: म्हणाली, टीव्हीवाल्यांना काही कळत नाही. आमच्या आजोबांना सगळं माहीत आहे, त्यांना विचारून सांगते. शाळेतून येईलच आता.

सासरे: तू सांग ना. आई आहेस.

सून: मला विमानातलं काय कळतं? ती तुम्हालाच विचारणार.

सासरे: लीव्हर अडकली होती म्हणू. चांगलं जमेल मला.

सून: मारा थाप. मी मध्ये पडणार नाही. पण मोठी झाली की ती पान एकसष्ट वाचेल, अण्णा. तेव्हा तुम्ही नसाल, आणि तिला दाखवायला मला तोंड नसेल.

(दार उघडल्याचा आवाज.)

नात: आजोबा, पाहिलात ना तो कार्यक्रम? सगळं चुकीचं आहे ना?

सासरे: बरंच चुकीचं आहे.

नात: बाबांचंसुद्धा?

सासरे: दप्तर ठेव आधी. ये, बस माझ्याजवळ.