बूच मारलेला ट्रक

ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात माझ्यापुढे सासरे आणि जावई रांगेत उभे होते.

“काय जावईबापू, तुमचं ते जुनं लष्करी धूड अजून गचके खातं का?”

“छे! व्हॅक्यूमची नळी चिरली होती मामा, तिथून हवा शिरायची. नळीच काढून टाकली आणि भोकाला बूच ठोकलं. आता इंजिन कसं शिवणयंत्रासारखं चालतं!”

“वा! ब्रेकला जोर त्याच नळीतून मिळतो, हे नाही कुणी सांगितलं?”

“तरीच पेडल दगडासारखं झालंय! पण दोन्ही पायांनी त्यावर उभा राहिलो, की थांबतो हळूहळू.”

“धन्य आहे तुमची! आणि असल्या गाडीत माझ्या लेकीला बसवता?”

“नाही हो, ती पुढे चालते, लोकांना बाजूला करत. ओरडून घसा बसलाय तिचा, म्हणून तर हॉर्न घ्यायला आलोय.”