मुकाशकाकांचा जबडा

...आणि वर मलाच विचारतात, "सिरगा, हात धुतलेस का?" अहो, धुतले! साबणानं धुतले, कोपरापर्यंत धुतले, नखांत ब्रश घालून धुतले, आता काय कातडी सोलून दोरीवर वाळत घालू? तुम्हाला सांगते, राजधानीत, बिश्केकला, डॉक्टरकीला गेले, पहिलंच वर्ष, शरीररचना सुरू झाली, म्हणजे मृतदेहावर शिकायचं... तर ही बातमी माझ्याआधी गावात! आमचं गाव नारीन शहराच्या पलीकडे, डोंगरात. हिवाळ्यात तिथं डॉक्टर पोचत नाही, पीठ पोचत नाही, पण बातमी? बातमीला कसला आलाय बर्फ!

सुट्टीत घरी आले तर काकू दारातच. "ये गं बाई ये... हात धुतलेस का?" शेजारीण मिठी मारायला धावली आणि दोन हात लांबूनच हवेला मिठी मारून परत गेली. गाईची धार काढायला बसले. गाय काही बोलली नाही हो, काकू बोलली! "त्या हातांनी नको गं, दूध आटेल." म्हटलं, काकू, गाईनं तक्रार केली का?

आणि मी ज्यांना हात लावते ते कोण, हे विचारलं कुणी? टेबलावर एक म्हातारेबाबा आहेत. नाव कुणालाच माहीत नाही, आम्ही आजोबा म्हणतो. किती वर्षं औषधाच्या पाण्यात राहिलेत कोण जाणे, वाळल्या जर्दाळूसारखे झालेत. पहिल्या दिवशी आमच्या वर्गातला नुरदीन, कुस्ती खेळणारा, दारात मावत नाही असा, तो त्यांना बघून आडवा! मी? मी उभी! आमच्या राइसा एजेके, म्हणजे आमच्या बाई, रागीट म्हणजे किती, खडूसुद्धा त्यांच्या हातात सरळ उभा राहतो... त्या म्हणाल्या, "आधी गप्प उभे राहा. यांनी तुमच्याकडून काही घेतलेलं नाही. तुम्ही घेणार आहात." त्या दिवसापासून, तुम्हाला सांगते, मी आजोबांना हात लावायच्या आधीसुद्धा हात धुते. आधी! हे सांगा की गावात कुणीतरी!

पण नाही. चुलतभावाच्या पोराला पाळण्यात घालायचं होतं, बारसंच म्हणा ना, बकरा कापलेला, सगळे भावकीतले, पलीकडून व्याही आलेले, आणि मधोमध मुकाशकाका. माझे वडील गेल्यापासून घरात काका बोलतील तो कायदा. आणि काका बोलतात किती! सगळ्यांसमोर सुरू झाले. "पुरे झालं आता! मेलेल्यांना चाचपणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? सुट्टी संपली तरी जायचं नाही. नारीनला शिवणाचा क्लास आहे. कापड काप. माणसं कापू नकोस!"

"मी जाणार," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"जाणार म्हटलं. बस बांधून ठेवा हवी तर. चालत जाईन."

अहो, बकरासुद्धा पातेल्यात शिजायचा थांबला! आई चहाच्या समोवारमध्ये बघत बसली, जसं काही त्यात सिनेमा लागलाय. मी मुद्दाम उठले, रोटीचं ताट घेतलं आणि काकांसमोरच धरलं. काकांनी हात मागे ओढला. "हात धुतलेस का?"

मी ताट तसंच धरून उभी. मान राखायची आमच्याकडची रीत म्हणून तेवढ्यात व्याह्यांनी मूठभर मांस, वर चरबीचा गोळा, असा घास हातानंच उचलला आणि काकांच्या तोंडापुढे नेला. व्याही कुठून आले होते? घोड्याचा पट्टा सैल करून! त्यांना विचारलं का, हात धुतलेत का? छे! काकांनी आ केला. एवढा मोठा आ...

टक!

घास खाली पडला. आ मात्र तिथंच. लोकांना वाटलं काका गहिवरले. "आ... आ..." मग कळलं, जबडा निखळला! झालं, सगळे वैद्य झाले. एक म्हणे कानाखाली वाजवा, बसेल. एक म्हणे मुल्लाकडून फुंकर मारून आणा. एकानं वोडका ओतली, ती सगळी दाढीतून बाहेर. गावची नर्स शेजारच्या गावात, आणि मधल्या घाटात बर्फ.

आता तुम्हीच कानासमोर बोट ठेवा आणि तोंड उघडा बघू. काहीतरी सरकलं ना? ती जबड्याच्या हाडाची गोळी. ती खाचेत बसते, फार आ केला की पुढच्या उंचवट्यावरून घसरते, स्नायू आखडतात आणि परत येत नाही. एजेकेंनी कवटीवर सरकवून दाखवलेलं, बसवतात कशी तेही.

"भिंतीला टेकून बसा, काका."

काकांचे डोळे मोठे झाले. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांत काय होतं सांगू? हात धुतलेस का! मी अंगठ्यांना फडकं गुंडाळलं. स्वच्छतेसाठी नव्हे हो, चावतील म्हणून! खोटं कशाला बोलू, जिवंत जबडा पहिल्यांदाच हातात घेत होते. टेबलावरच्या आमच्या आजोबांनी कधी असे डोळे वटारले नव्हते. अंगठे आत, खालच्या दाढांवर, सगळा भार टाकून खाली... खाली... आणि मग मागे...

टक!

 काकांनी तोंड मिटलं. उघडलं. मिटलं. पहिला शब्द काय असेल?

"हात... धुतले होतेस का?"

"नाही!" मी म्हटलं.

धुतले होते हो. पण म्हटलं, नाही!

व्याही एवढे हसले की मला वाटलं, आता यांचाही निखळतो. आणि तेव्हा आई उठली. दिवसभर न बोललेली माझी आई. माझ्या ताटातली रोटी मोडली, काकांच्या हातात ठेवली. "हिच्या हातची आहे, भावजी. चावायला येतंय ना आता? मग चावा. आणि सोमवारच्या बसनं ती जाणार."

काकांनी चावली. हळूहळू, दुखत होतं ना... पण चावली.

तर सोमवारी मी बिश्केकला. आल्या आल्या तोंडी परीक्षा, आणि उचललेल्या चिठ्ठीत प्रश्न काय? जबडा! मनात म्हटलं, देवा, तू आहेस. राइसा एजेकेंनी चष्म्यावरून बघितलं. "जबडा पुढे ओढणारा स्नायू. लॅटिन नाव?"

"एजेके, मी जबडा जिवंत माणसात मागे ढकललाय!"

"नाव?"

"मुकाश."

"स्नायूचं!"

...आठवेना. तुम्हाला सांगते, बोटांना सगळं माहीत, जिभेला काही नाही! "परत या," म्हणाल्या. जाणार की. पुन्हा जाणार, पुन्हा पुन्हा जाणार! पण काय करता... तिकडे अख्ख्या गावानं मला डॉक्टरीण करून टाकलंय, रोज फोनवर कुणाचे ना कुणाचे गुडघे दुखतायत, आणि इकडे मी जबड्यात नापास.