डब्याची साक्ष

(दहिवली. सकाळची वेळ. आतल्या खोलीत चटईवरच्या पातळ गादीवर अडीच महिन्यांचा पदू उताणा झोपलाय. छातीला दोन चिकटपट्ट्या. त्यांच्या वायरी झबल्याच्या खालून निघून पायाशी ठेवलेल्या डब्यात गेल्यात. श्वास अडला की हा डबा वाजतो. दवाखान्यातल्या तेजश्री सिस्टर डब्याला लॅपटॉप जोडून बसल्यात. समोर अक्षदा आणि तिची सासू इंदूबाई.)

इंदूबाई : गावदेवीची आन घेऊन सांगते, सिस्टर! यातलं एक अक्षर खोटं निघालं तं उद्यापासनं माझ्या हातची भाकर कुत्र्यानं पन हुंगू नये!

अक्षदा : आई, हळू. पदू उठेल.

इंदूबाई : उठू दे. त्याच्यादेखत घडलंय, तो पन साक्ष देईल.

तेजश्री : आजी, मी अजून काही विचारलंच नाही. फक्त म्हटलं, डब्यातली नोंद बघते.

इंदूबाई : म्हनूनच तं. डबा काय सांगंल त्याच्या आधी मी सांगितलेलं बरं.

तेजश्री : डबा सगळं लिहून ठेवतो. श्वास किती, ठोके किती, कधी वाजला, का वाजला. पंधरा दिवसांचं सगळं आत आहे.

इंदूबाई : सगळं? आन हे आता सांगताय? मला वाटलं, नुसता बोंबलतो.

अक्षदा : सिस्टर, मला एवढंच सांगा. सोमवारी मला खालापूरच्या कंपनीत हजर व्हायचंय, सुट्टी संपली. हे चौकला गॅरेजात, सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. पदू दिवसभर आईंकडे राहणार. ठेवू की नको? सातव्या महिन्यात झालेलं पोर, श्वास घ्यायचा विसरतं. आणि आईंचं बोलणं तर तुम्ही आत्ता ऐकलंतच.

इंदूबाई : काय वाईट बोलले मी?

अक्षदा : परवा शेजारच्या हिरूला सांगत होत्या, हा डबा म्हणजे मोबाईलचा टावर. म्हणे पोराला जन्मल्यापासून रेंज फुल.

इंदूबाई : मग काय सांगू? पोर मशिनवर हाय? वीस वर्सांनी पोरगी बघायला जाऊ, तवा हीच हिरू आधी जाऊन सांगंल, सांभाळून बाय, ह्यांचा पोरगा वायरीवर चालतो.

तेजश्री : म्हणून मी आले तेव्हा डब्यावर गोधडी होती?

इंदूबाई : दृष्ट लागते, सिस्टर. येनारी-जानारी बाया, एकेकीची नजर म्हंजे सुरी.

तेजश्री : गोधडी नको. आवाज दबतो आणि डबाही तापतो. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरीनं काढा, डब्याला हरकत नाही. बरं, हे बघा. पंधरा दिवसांत बारा वेळा वाजला. त्यातल्या दहा वेळा वायर सुटली म्हणून. आणि दहाही वेळा सकाळी, साडेनऊच्या आसपास. तेव्हा काय असतं?

अक्षदा : आंघोळ होते नऊला. पण आंघोळीला पट्ट्या, वायरी सगळं काढतो, तुम्ही सांगितलंत तसं.

तेजश्री : आणि आंघोळीनंतर?

अक्षदा : आई तेल लावतात.

इंदूबाई : घाण्यावरचं खोबरेल. ह्याच्या बापाला, मनोजला पन हेच लावलं, बघा कसा रेडा झालाय.

तेजश्री : छातीला पण?

इंदूबाई : छाती सोडून कुनी पोर चोळतं का? भिंत रंगवायची आन मधी चौकोन ठेवायचा?

तेजश्री : चौकोनच ठेवायचा. तेलावर पट्टी चिकटत नाही. हात-पाय चोळा, पाठ चोळा, छाती कोरडी. नाहीतर डबा रोज खोटा वाजतो. आणि रोज खोटं ऐकलं की खरं वाजतं तेव्हा माणूस जागचं हलत नाही.

अक्षदा : ह्या घरात ती सवय आहेच, सिस्टर. डबा येण्याच्या आधीपासून.

इंदूबाई : बोल, बोल. सासू गरीब मिळालीय तुला.

तेजश्री : आता रविवार. दुपारी दोन ते पावणेतीन. श्वास मिनिटाला अकरा… ठोके साठ… थांबा जरा. अक्षदा, एवढ्याशा बाळाचे ठोके साठ म्हणजे मी इथे शांत बसलेच नसते. हे बाळ नाही. पाऊण तास डबा बोंबलत होता. कुणाला लावला होता?

अक्षदा : रविवारी दुपारी आम्ही दोघं कर्जतच्या बाजारात होतो. आई?

इंदूबाई : ह्यांना.

तेजश्री : कुणाला?

इंदूबाई : ह्यांना हो. पदूच्या आज्याला. नाव काय घ्यायला लावताय भर सकाळी.

अक्षदा : बाबांना लावला? पदूचा डबा?

इंदूबाई : जेवून आडवे झाले होते. घोरतात, घोरतात, आन मधीच बंद. चाळीस वर्सं तेच. बंद झाले की मी उठून बसते, म्हनते गेले वाटतं, आता कुंकू पुसावं लागनार. तर परत सुरू. म्हटलं, मला एकटीलाच कळतं का डब्याला पन कळतं, बघावं.

तेजश्री : आणि पाऊण तास पदू कुठे होता?

इंदूबाई : माझ्या मांडीवर. उघडा, जागा, माझ्याकडं टकामका बघत. डबा बोंबलतोय, पोरगा हसतोय आन आजा घोरतोय. अशी मैफिल जमली होती, सिस्टर.

तेजश्री : आजी, हा डबा फक्त पदूचा. दुसऱ्या कुणाला लावायचा नाही.

इंदूबाई : शेळीला नाय लावला. गाभन हाय, लावनार होते, पन म्हटलं जाऊ दे, परकी वस्तू.

तेजश्री : उपकार झाले. आणि आजोबांना एकदा डॉक्टरांकडे आणा, खरंच. झोपेत पंचवीस-पंचवीस सेकंद थांबतायत. हे बरं नाही.

अक्षदा : झालं. डबा आणला नातवाला, पेशंट निघाला आजा.

तेजश्री : राहिली एक. गुरुवार, सकाळी अकरा चाळीस. हीच सगळ्यात महत्त्वाची.

अक्षदा : गुरुवारी मी जन्मदाखला आणायला गेले होते.

इंदूबाई : मगापासनं तेच तं सांगायचं होतं! वानर!

तेजश्री : वानर?

इंदूबाई : हे एवढं! तिकडनं डोंगरावरनं आलं, आंब्यावर उतरलं, आंब्यावरनं कौलांवर, कौलांवरनं दारात. मी मागं चुलीपाशी, भाकर थापतेय. इकडं ह्यानं काय केलं, सरळ आत आलं आन वायर धरून ओढली. डबा जो बोंबलला! भाकर तशीच तव्यावर टाकली, पिठाच्या हातानं धावले. हंड्याला पाय लागला, हंडा लवंडला, सगळीकडं पानी. मधल्या दारात हे झोपलेले, त्यांच्यावरनं उडी मारली…

अक्षदा : तुम्ही? गुडघ्याला पट्टा बांधून?

इंदूबाई : पट्ट्यासकट. आन आले तं हे वानर समोर बसलेलं, हातात वायर. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. म्हटलं, ठेव. ठेवली त्यानं. हात जोडले आन गेलं.

अक्षदा : हात जोडले?

इंदूबाई : वयस्कर होतं गं. समजूतदार.

तेजश्री : आजी, वायर ओढली असती तर डब्यात तसं आलं असतं, त्या दहा वेळांसारखं. आलेलं नाही. वायर जागेवर होती. श्वास थांबला होता. पदूचा. ठोकेही उतरले. विसाव्या सेकंदाला डबा वाजला, बाविसाव्याला श्वास परत आला.

अक्षदा : थांबला होता? सिस्टर, खरंच थांबला होता? आई?

तेजश्री : अक्षदा, खाली बसा. आत्ता बघा त्याच्याकडे, पोट हलतंय ना? मग. आजी, मला आता वानर नको. तीनच गोष्टी सांगा. रंग कसा झाला होता, अंग कसं लागलं, आणि श्वास त्याचा त्याला आला की तुम्ही हात लावल्यावर. यावरून डॉक्टर ठरवणार, पोर घरी राहायचं की परत काचेच्या पेटीत न्यायचं. तुम्ही चुकीचं सांगितलंत तर ते चुकीचं ठरवतील.

इंदूबाई : ओठ राखेगत झाले होते.

अक्षदा : अरे देवा.

इंदूबाई : अंग सैल. पिळलेल्या फडक्यागत. डब्याकडं नाय बघितलं मी. तुमी सांगितलं होतं, आधी पोर, मग डबा. छाती बघितली, हलत नव्हती. आमच्या वेळी पाय धरून उलटं करायचे आन थापटायचे. तसलं काय नाय केलं. गदागदा हलवलं पन नाय. तळपायाला अंगठा घासला, वर-खाली, वर-खाली. म्हटलं, पदू, घे रं माझ्या राजा. घेतला त्यानं. मग रडला. असा रडला, म्हटलं रड बाबा, दिवसभर रड.

तेजश्री : आणि नसता घेतला तर?

इंदूबाई : तुमी त्या बाहुलीवर करून दाखवलं तसं. तोंडानं नाका-तोंडात हळू फुंकायचं, छातीवर दोन बोटं. आन हिरूला हाक मारायची, एकशे आठला फोन लाव म्हनून. पाठ हाय माझं.

अक्षदा : मी दाखला घेऊन आले, तर तुम्ही मला चहा दिलात. "काय गं, मिळाला का कागद" म्हणालात. हसून!

इंदूबाई : मग काय रडून देऊ चहा? सांगितलं असतं तं दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली असतीस. पोराला छातीशी धरून बसली असतीस, ना जेवन, ना झोप. दूध आटलं असतं.

अक्षदा : ते माझं मी ठरवलं असतं, आई. माझं पोर आहे ते. तुम्ही टावर सांगा, वानर सांगा, शेळी विमानात बसली म्हणून सांगा, मी ऐकते. त्याच्या श्वासाचं मला खरंच सांगायचं. आणि त्याच दिवशी.

इंदूबाई : चुकलं.

अक्षदा : काय म्हणालात?

इंदूबाई : चुकलं म्हनले. परत नाय म्हननार, आता ऐकलं नसशील तं राहिलं.

तेजश्री : आज दुपारीच पदूला डॉक्टरांना दाखवायचं. अशी गोष्ट झाली की त्याच दिवशी फोन करायचा, आजी, पोर हसत असलं तरी. आणि अक्षदा, कंपनीत अजून एक आठवडा मागा.

अक्षदा : आणि आठवड्यानंतर? ठेवू ह्यांच्याकडे?

तेजश्री : डबा वाजला की लगेच पोचणारं, शिकलेलं माणूस पाहिजे. शिकलेलं तर आहेच. एक शंका आहे. चूल कुठे म्हणालात?

अक्षदा : मागच्या पडवीत. दोन खोल्या ओलांडून.

तेजश्री : विसाव्या सेकंदाला डबा वाजला, बाविसाव्याला श्वास. दोन सेकंदांत भाकर, हंडा, आजोबा, सगळं पार करून, पोराला बघून तळपाय घासला?

इंदूबाई : मी चपळ हाय.

तेजश्री : तसं असेल तर मी लिहिते, कुणी पोचायच्या आधीच श्वास आपोआप आला. डॉक्टरांना ते बरंच वाटेल. कदाचित घरीच ठेवतील.

इंदूबाई : नाय, नाय! आपोआप नाय आला. तसं नका लिवू. मी घासल्यावर आला.

तेजश्री : मग तुम्ही चुलीपाशी नव्हता.

अक्षदा : आणि हंडा भरलेला होता, आई. मी आल्यावर त्यातलंच पाणी घेतलं. पण भाकऱ्या होत्या. मी जेवले.

इंदूबाई : हिरूनं दिलेल्या.

अक्षदा : तरीच जाड होत्या. आणि काल, मी दळण आणायला गेले तेव्हाच्या?

इंदूबाई : त्या पन हिरूच्या. तू उंबऱ्याबाहेर पाय टाकलास की मी ह्या भिंतीला टेकते, ती तू येईपर्यंत. गुरुवारी त्याचं पोट थांबलेलं मी आधी बघितलं. डबा वाजला तवा माझा अंगठा तळपायावर होता.

अक्षदा : उठतच नाही? पाणी प्यायला पण?

इंदूबाई : तांब्या घेऊन बसते.

अक्षदा : सिस्टर, तसंच लिहा. हात लावल्यावर आला. डॉक्टर हो म्हणाले, तर पुढच्या सोमवारी मी हजर होते.

तेजश्री : लिहिलं. पण आजी, एवढी चांगली गोष्ट केलीत, ती सरळ सांगायची सोडून पीठ काय, हंडा काय, उडी काय!

इंदूबाई : वानर आलं होतं हां, त्यात बदल नाय. चुलीचं तेवढं खोटं. आन सिस्टर, पोराच्या पोटाकडं बघत नुसती बसले होते, असं सांगायचं, तं त्यात गोष्ट कुठं हाय?