जादा नंबरच्या पेट्रोलात काय आहे, याबाबत

नाव: गौरी यज्ञेश्वर परचुरे, वय ५९ वर्षे, व्यवसाय: शाळेतील निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, सध्या घर आणि सुपारीची वाडी, राहणार बोर्ली पंचतन, ता. श्रीवर्धन, जि. रायगड.

मी आज मंगळवार, दि. ३ फेब्रुवारी २०२६ रोजी दुपारी १२.२० वाजता पोलीस चौकीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती यज्ञेश्वर, वय ६६, यांच्यासह राहते. ते तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी असून दीड वर्षापासून दर सोमवार, बुधवार व शुक्रवारी सकाळी दहाला त्यांचे माणगावला डायलिसिस असते. आत येताना त्यांनी मला बजावले आहे की जबाबात विशेषणे घालू नकोस, वेळा सांग. त्याप्रमाणे सांगते.

आमच्याकडे १९९९ सालची पेट्रोलची मोटार आहे. ती मी चालवते. भाड्याची गाडी का करत नाही, असे विचारल्यावरून सांगते की, आठवड्यातून तीनदा, बाराही महिने, सकाळी आठच्या ठोक्याला दारात उभी राहणारी भाड्याची गाडी मला अजून या गावात भेटलेली नाही. एसटीत परतीच्या वाटेवर त्यांना उलटी होते. आमच्या गाडीत पुढची सीट पूर्ण मागे पडते व ते माणगाव ते म्हसळा झोपून येतात.

सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५ रोजी परतताना गाडी म्हसळ्याच्या अलीकडे पहिल्यांदा बंद पडली. आमचे मिस्त्री भिकू यांनी येऊन पेट्रोलची रबरी नळी काढून दाखवली. ती फुगली होती व आतून सोलली होती. भिकू मला म्हणाले, "वहिनी, हल्ली पेट्रोलात इथेनॉल असतं. ह्या गाडीच्या वेळचं रबर त्याला टिकत न्हाय. बिनइथेनॉलचं कुठं मिळत असंल तर ते घाला. न्हायतर सगळ्या नळ्या बदलायला लागतील, त्या मुंबईहून मागवायच्या, दोन महिने तरी जातील." त्यांनी खराब तुकडा कापून नळी पुन्हा जोडली व मी नव्या नळ्या मागवायला सांगितल्या. तोपर्यंत बिनइथेनॉलचे घालायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी मी म्हसळा रस्त्यावरच्या पंपावर गेले. तिथे दोन प्रकारची पेट्रोले आहेत. एक साधे आणि एक जादा ऑक्टेनचे, ज्याला सगळे जादा नंबरचे म्हणतात व जे बरेच महाग आहे. मी तेथील एका कर्मचाऱ्यास, "या महागाच्यात इथेनॉल नाही ना?" असे स्पष्ट विचारले. तो म्हणाला, "न्हाय बाई. ह्ये भारीतलं हाय, चोख." मी टाकी भरली.

यात माझी चूक आहे ती मीच सांगते, म्हणजे दुसऱ्याने सांगायला नको. आमची सुपारीची वाडी आहे. सुपारीत चढा भाव म्हणजे चांगला माल, निवडलेला, कीड नसलेला. जन्मभर हेच पाहिले. पेट्रोलचा नंबर मोठा आणि भावही मोठा, तेव्हा ते शुद्धच असणार, असे मी धरून चालले. एकतीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत मी मुलांना बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय बूच काढू देत नव्हते. इथे चिठ्ठी नव्हती, आणि मी विचारले फक्त एकदा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नोव्हेंबर ते जानेवारी मी महागाचेच पेट्रोल घातले. आता रबर सुरक्षित आहे अशा खात्रीने घातले. शुक्रवार, दि. १६ जानेवारी रोजी सकाळी ८.५० वाजता घोणसे घाटात चढावर गाडी बंद पडली. मागे दगड लावला. मोबाइलला रेंज नव्हती. पतींना बुधवारपासून अंगावर सूज होती व त्या दिवशी ते बसूनच श्वास घेत होते. आठ मिनिटांत एक एसटी गेली, ती भरलेली होती. नंतर एक ट्रक थांबला व ड्रायव्हरने म्हसळ्याला जाऊन रुग्णवाहिका पाठवतो असे सांगितले. ती ११.०५ ला आली. मधल्या वेळात पती मला दोनदा म्हणाले, "गौरी, तू घाबरू नकोस." नंतर ते बोलले नाहीत. मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. मी घाबरले होते.

माणगावला ते चार दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी उशिराचे कारण विचारले, मी गाडी बंद पडली असे सांगितले. आणखी किती उशीर चालला असता तेही त्यांनी सांगितले. तो आकडा इथे लिहू नये.

भिकूंनी गाडी ओढून आणली. नळीचा काळा चुरा कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसला होता. मी म्हटले, मी तर महागाचे घालत होते. ते म्हणाले, "नंबराचा न् इथेनॉलचा काय संबंध, वहिनी? नंबर जास्ती म्हंजे इंजिन ठोकत न्हाय, एवढंच. ह्या गाडीला तो नंबर लागतच न्हाय. आत काय मिसळलंय ते नंबर सांगत न्हाय." हे त्यांनी मला नोव्हेंबरात का सांगितले नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले की, तुम्ही विचारलेच नाही. तेही खरे आहे.

रविवार, दि. २५ रोजी मी घरामागे मोकळ्यावर, चूल व फोन लांब ठेवून, दोन्ही पेट्रोलांची तपासणी केली. काचेच्या मोजपात्रात नव्वद मिलिलिटर पेट्रोल आणि दहा मिलिलिटर पाणी घेऊन बूच लावून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. पाण्याचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. साध्या पेट्रोलात थर सत्तावीसपर्यंत चढला. महागाच्यातही सत्तावीसपर्यंत चढला. तीनदा केले. तिसऱ्यांदा पती खुर्ची आणून शेजारी बसले व आकडा त्यांनी वाचला.

दि. २८ पासून नळ्या नवीन आहेत, गाडी चालते. मग भांडण कशाला, असे हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, नळ्या नवीन मिळाल्या, कार्ब्युरेटरमधले काही रबर मिळालेले नाही. बिनइथेनॉलचे खात्रीने हवे तर पनवेलपलीकडे जावे लागेल असे भिकू म्हणतात, आणि कॅनमध्ये आणता येत नाही. तेव्हा मला याच पंपावर घ्यायचे आहे. जे घालणार ते काय आहे, एवढे मला माहीत हवे. मला घाट दर आठवड्याला तीनदा चढायचा आहे.

आज सकाळी ८.४० वाजता मी सदर पंपावर गेले. पती बरोबर होते. त्यांना सहानुभूतीसाठी आणले, असे पंपाने माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीत लिहिले आहे. त्यांना मी घरी राहा म्हटले होते. ते म्हणाले, "माझ्यापायी भांडणार, आणि मी घरी रेडिओ ऐकू?" मग त्यांना बसवून घेतले.

मी व्यवस्थापक परेश ठाकूर यांना विचारले की, तुमच्या महागाच्या पेट्रोलात इथेनॉल आहे की नाही व असल्यास किती, ते कागदावर लिहून सही करून द्या आणि नोझलवर पाटी लावा. ते म्हणाले, "मॅडम, ते कंपनीला विचारा ना. आपण फक्त सेल करतो." मी म्हटले, तुमच्या माणसाने मला नाही म्हणून सांगितले होते. ते म्हणाले, "इम्पॉसिबल. माझा स्टाफ असं बोलणारच नाही. तुम्ही खोटं बोलताय." हे ते चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. तो कर्मचारी तिथेच पाच पावलांवर होता.

त्यानंतर मी गाडी महागाच्या पेट्रोलच्या नोझलसमोर उभी करून चावी काढून घेतली. ८.५५ ते १०.३५ गाडी तिथे होती. हे मला मान्य आहे. साध्या पेट्रोलचा व डिझेलचा रस्ता मी मोकळा ठेवला होता. पुण्याकडच्या एका मोटारवाल्याने बराच वेळ हॉर्न वाजवला. त्याला मी खिडकीशी जाऊन सगळे सांगितले. त्याने साधे पेट्रोल भरले व गेला. पलीकडच्या टपरीवालीने पतींना चहा आणून दिला. त्यांना दिवसाला पाणी मोजून असते, म्हणून त्यांनी दोन घोट घेतले व बाकीचा मला दिला.

मी शिवीगाळ केली, हे खोटे आहे. मी एवढेच म्हटले की, पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मीठ-साखर छापलेली असते, आणि तुम्ही लोकांच्या टाकीत काय ओतता ते तुम्हाला सांगता येत नाही, तर दुकान कशाला मांडले? माझा आवाज मोठा आहे. वर्गात साठ मुले असायची.

सव्वादहाच्या सुमारास व्यवस्थापकांनी महागाच्या पेट्रोलची टाकी फुकट भरून देतो, विषय संपवा, असे सांगितले. मी नको म्हटले. मला फुकट नको, मला उत्तर हवे. मग त्यांनी आपणांस फोन केला.

मला कोणी सांगितले त्याचे नाव द्या, नाही तर तुमचेच म्हणणे खोटे धरले जाईल, असे समजावून विचारल्यावरून सांगते की, नाव मला माहीत आहे. मी ते देणार नाही. त्याने लबाडी केली नाही. त्याला जसे वाटले तसे त्याने सांगितले, आणि मला जसे वाटत होते तसे मी ऐकले. त्याच्या घरात खाणारी तोंडे पाच आहेत. त्याला कोणी शिकवलेच नसेल तर दोष शिकवणाऱ्याचा. खोटी ठरले तरी चालेल. बाहेरच्या बाकावर व्यवस्थापकांनी त्यांच्या बाजूचा म्हणून पाठवलेला साक्षीदार बसला आहे. त्याच्याकडे मी आल्यापासून पाहिलेले नाही.

मी पुन्हा सदर पंपावर जाणार नाही व अडथळा करणार नाही, असे हमीपत्र लिहून दिल्यास प्रकरण मिटेल, असे मला सांगण्यात आले. अडथळा करणार नाही, हे लिहून देते. जाणार नाही, हे देत नाही. उद्या बुधवार आहे. सकाळी सव्वाआठला मी तिथे साधे पेट्रोल घ्यायला जाईन, रांगेत उभी राहीन, आणि पैसे देण्याआधी मोठ्याने विचारीन की यात काय आहे. शुक्रवारी विचारीन. सोमवारी विचारीन. पाटी लागेपर्यंत विचारीन. हमी हवी असेल तर याची घ्या.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला व मी चष्मा लावून स्वतःही वाचला. त्यात 'विनंती केली' असे एका ठिकाणी होते, ते खोडून 'विचारले' असे करून घेतले. वाचन चालू असताना बाकावरचा साक्षीदार उठून दारात आला व म्हणाला, "साहेब, बाईंना मीच सांगितलं व्हतं. माझं नाव घाला." मी त्याला गप्प बस म्हटले, तुझी नोकरी जाईल म्हटले. तो म्हणाला, "जाऊ दे, बाई. तुमचं यजमान गाडीत बसलं व्हतं न् मी तिथं गप उभा व्हतो. आता न्हाय." तेव्हा त्याच्या सांगण्यावरून, माझी हरकत नोंदवून, नाव लिहिले आहे: सदा मोरू शिगवण, वय ४६, पंपावरील कर्मचारी. त्याने माझ्या आधी सही केली. आता जबाब पूर्ण व खरा आहे.