दोऱ्याचा दोष

(मासेमारीच्या सामानाचं दुकान. काउंटरवर लहान लहान व्हाइस मांडलेत. त्यांच्या जबड्यात गळ पक्का धरायचा आणि त्यावर दोऱ्याने पिसं गुंडाळून माशाला फसवणारी नकली माशी बांधायची.)

थोरली : हा नको. याला पीळ द्यावा लागतो. पुढचा दाखव.

दुकानदार : मावशी, सगळ्यात जास्त हाच खपतो.

थोरली : खपू दे. ज्यांची बोटं सरळ आहेत ते घेत असतील. माझी बघ, आल्यासारखी वाकडी झालीत.

धाकटी : आणि तिला पीळ द्यावा लागतोच कुठे? स्क्रू मी आवळते, माशी ती बांधते. आमची भागीदारी आहे. नदीवर मात्र मासा कुणी पकडला यावरून रोज भांडण!

दुकानदार : मग नवा कशाला?

थोरली : जुना म्हातारा झाला.

धाकटी : तो म्हातारा, आणि आपण काय गं, कॉलेजात जातो?

दुकानदार : बरं, हा स्प्रिंगचा बघा. दांड्या चिमटीत दाबल्या की जबडा उघडतो, सोडल्या की बंद.

थोरली : छकुले, तू दाबून बघ.

धाकटी : मी? घ्यायचा तुला आहे.

थोरली : तोंडाऐवजी हात चालव जरा.

धाकटी : आई गं! म्हणजे... दणकट आहे हो.

थोरली : पुढचा.

दुकानदार : बोटं तुमची दुखतात आणि दाबायच्या यांनी? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

धाकटी : ए, पखाल कुणाला म्हणतोस रे?

दुकानदार : चुकलं, चुकलं. हा घ्या, दांडीचा. बोटांचं कामच नाही. तळहाताने दांडी खाली ढकलली की गळ पक्का. वर जबडा गोल फिरतो, मनगट वळवायला नको.

धाकटी : दे इकडे. अय्या! ताई, हे कोपरानेसुद्धा जमेल!

थोरली : टेबलाला कसा लावायचा?

दुकानदार : खाली हा स्क्रू आहे ना, तो कडेला आवळायचा.

थोरली : म्हणजे आगीतून फुफाट्यात!

दुकानदार : मग हाच जाड बैठकीचा देतो. टेबलावर नुसता ठेवायचा, हलत नाही. फक्त उचलायला जड आहे.

थोरली : त्याला कुठे फिरायला न्यायचंय?

धाकटी : पण ताई, हा तर तुला एकटीलाही बंद करता येईल.

थोरली : येईल की.

धाकटी : मग मी काय करू? समोर बसून जांभया देऊ?

थोरली : बडबड करतेस, ते काय कमी आहे?

धाकटी : थट्टा नको. हे गेल्यावर तुझ्याकडे राहायला आले, तेव्हाच म्हटलं होतं, बसून खाणार नाही. एवढं एकच काम माझं स्वतःचं आहे त्या घरात.

दुकानदार : जुना आणलाय ना? द्या, गळाचं माप जुळवतो. अहो, स्क्रूवर हे दात कसले उमटलेत? कुणीतरी पक्कड लावलीय.

धाकटी : उंदीर असतील.

थोरली : हो, लोखंड खाणारे. पक्कड तुझ्या उशाखाली ठेवून जातात.

धाकटी : ताई! तुला ठाऊक होतं?

थोरली : पहिल्यांदा गळ घसरला तेव्हाच कळलं. तुझा अंगठा स्क्रू कधी असा ढिला सोडत नसे.

धाकटी : सकाळी कप धरवत नाही गं. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, राहू दे, मी बघते.

थोरली : म्हणालेच असते. माझी जीभ मला माहीत आहे. म्हणून तर विचारलं नाही.

धाकटी : पण गळ घसरला की तू दोऱ्याला शिव्या घालत होतीस! हिवाळाभर! रिळं बदललीस की गं किती!

थोरली : दोऱ्याला बोललं तर तो रुसत नाही.

धाकटी : वेडी आहेस तू.

थोरली : आता नीट ऐक. दांडी तूच ढकलायची. मला जमलं तरी मी हात लावणार नाही. तू समोर नसलीस तर मला माशी बांधायला बसवतच नाही.

धाकटी : भर दुकानात रडवतेस, काय म्हणावं! अरे, बघतोस काय? बांध तो. पिशवी दोन बंदांची दे, एकेक धरू.

दुकानदार : देतो. मावशी, सोबत दोरा देऊ? नवीन आलाय, एकदम मजबूत.

थोरली : नको रे. आमचा पहिलाच चांगला होता.