टेकडीवरचं दगडी टोक

ठाकुर्लीला बसच्या रांगेत श्रिया उभी होती. तिच्या पुढे एक वयस्कर जोडपं होतं. आजींनी आत्ताच फोन ठेवला होता.

"अहो, पुण्याच्या पुरातत्त्ववाल्या मॅडम होत्या. टेकडीवर मला सापडलेलं ते दगडाचं टोक खरं आहे म्हणाल्या!"

"खरं म्हणजे?"

"माणसाने घडवलेलं. बाणाला लावायचे ना, तसलं. हजारो वर्षांपूर्वीचं."

"अगं, मी तर खडी समजत होतो."

"खडी समजून तुम्ही ते कुंडीत टाकलंत. सगळी माती चाळून मी परत काढलं."

"पण त्यांची काही चूक झाली नसेल ना?"

"तिघांनी तपासलंय. धारेवरचे टवके मुद्दाम उडवलेत, दोन्ही बाजूंनी. आता त्यांची टीम टेकडी बघायला येतेय, आणि जागा दाखवायला मला बोलावलंय."

"तुला? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू टेकडी चढणार?"

"चढणार. काठी घेईन, मध्ये बसेन, पण वर मीच नेणार त्यांना."

आता भांडण होणार, असं श्रियाला वाटलं. तेवढ्यात आजोबा गर्रकन तिच्याकडे वळले.

"ऐकलंस का, बाळ? हजारो वर्षांपूर्वीचा बाण सापडलाय!"

"अहो, बाण नाही. टोक."

"टोक गं, टोक. हिला सापडलंय हं, मला नाही. उत्तरा, फोटो दाखव ना हिला! आणि त्या मागच्यांनाही दाखव, ते कधीपासून मान वर करून बघतायत."